दुसऱ्या अंकाला तुम्ही नव्हतात

तुम्हाला 'सर' म्हटलेलं खपायचं नाही, आणि वडिलांच्या वयाच्या माणसाला नावाने हाक मारणं मला शेवटपर्यंत जमलं नाही. मग वर्षानुवर्षं मी तुम्हाला नुसतं 'एक्सक्यूज मी' म्हणत राहिले आणि तुम्ही हसत राहिलात. आजही काय म्हणून हाक मारावी ते सुचत नाही. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. पण तुम्ही होतात तेव्हा रागवायचं कारण मला ठाऊकच नव्हतं, त्याला मी काय करणार?

तोआ पायोहच्या वृद्धाश्रमातली ती सकाळ तुम्हाला आठवत असेल. पुण्याहून या परक्या देशातल्या शहरात येऊन मला वर्षही झालं नव्हतं. आठवडाभर प्रयोगशाळेत पेशी वाढवायच्या आणि शनिवारी तुमच्या संस्थेबरोबर म्हाताऱ्या माणसांपुढे नाटुकली करायची, असं माझं चाललेलं. समोर चाकाच्या खुर्चीत एक आजी बसल्या आहेत, मान कलंडलेली, आणि मी त्यांच्यापुढे वाकून लहान बाळाशी बोलावं तशी लाडेलाडे बोलते आहे. प्रयोग संपल्यावर तुम्ही मला लिफ्टपाशी नेलंत. गळ्याच्या ऑपरेशननंतर तुमच्या आवाजाचं उरलंसुरलं जे होतं, त्या खरखरीत सुरात म्हणालात, "ती म्हातारी आहे, मूर्ख नाही. पुन्हा कुणासाठी आवाज गोड करायचा नाही. आवाज गोड केलास की तू त्या माणसाला माणसातून उठवतेस." मला रडू फुटलं. तुम्ही समजूत वगैरे काढली नाहीत, खालच्या हॉकर सेंटरमध्ये, त्या खाण्याच्या गाळ्यांच्या गर्दीत नेऊन चहा पाजलात.

त्या चहावर तुम्ही तुमच्या गावाची गोष्ट सांगितलीत. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरचं कोळ्यांचं गाव, चर्चच्या हॉलमध्ये तुम्ही एकटे स्टुलावर बसून नक्कल करताय आणि सगळं गाव टाळ्या पिटतंय. आपला तो बाळ्या, त्यामुळे कुणी खरं बोललं नाही. मोठ्या शहरात गेल्यावर पहिल्याच आठवड्यात कळलं की आपल्याला अजून काही म्हणजे काही येत नाही. "खोट्या कौतुकाने माझी उमेदीची वर्षं खाल्ली," तुम्ही म्हणालात. पुढे तुम्ही शिकलात, फिरलात, एका नाटक कंपनीबरोबर इथे आलात ते इथलेच झालात. आवाज गेल्यावर वर्तमानपत्रात परीक्षणं लिहू लागलात, आणि ती अशी की तुम्ही नाट्यगृहाच्या पायऱ्या चढताना दिसलात की आत नट धावतपळत संवाद घोकायला लागायचे. मला तुमचा तो दरारा फार आवडायचा. निदान एक माणूस तरी आहे जो तोंडदेखलं बोलत नाही, असं वाटायचं.

म्हणून तर मी तुमच्या शब्दावर विसंबले. मला इंग्रजी नाटकात घरमालकिणीची भूमिका मिळाली आणि तुम्ही परीक्षण लिहायला येणार असं कळलं, तेव्हा मी उठताबसता तीच वाक्यं म्हणत सुटले. पहिला अंक पडला. ते मला कुणी सांगायला नको होतं. पण मध्यंतरानंतर काहीतरी झालं. मी टेबलावरची बशी उचलली आणि ती माझीच बशी झाली. पुढचं सगळं मी बोलले नाही, ते होत गेलं. त्यानंतर इतकी वर्षं रंगमंचावर काढली, तसं फार वेळा झालेलं नाही. दोन दिवसांनी तुमचं परीक्षण छापून आलं. बाकीच्यांची तुम्ही साफ सालटी काढली होतीत आणि माझ्याबद्दल लिहिलं होतंत: 'दुसऱ्या अंकात या बाईला रंगमंच स्वतःच्या घरासारखा वाटू लागतो, आणि मग तो आपल्यालाही घरासारखा वाटतो.'

त्याच सुमारास सांगलीच्या कॉलेजातून मला कायमच्या नोकरीचं बोलावणं आलं होतं. बाबांनी शेजारीपाजारी सांगूनही टाकलं होतं. मी फोनवर तुमचं ते वाक्य त्यांना मराठीत करून सांगितलं आणि म्हणाले, मी येत नाही, मला नाटक करायचंय.  बाबांनी एवढंच विचारलं, "लिहिणारा माणूस भरवशाचा आहे का?" मी म्हणाले, "बाबा, इतका भरवशाचा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही."

गेल्या महिन्यात तुमच्या संस्थेचं ऑफिस सांभाळणाऱ्या बाई मला तोआ पायोहला भेटल्या. आता पार थकल्यात, पण कॉफी तेवढीच गोड पितात. जुन्या गोष्टी निघाल्या. त्या प्रेमाने माझ्या हातावर थोपटत, इथल्या लोकांच्या वाक्यावाक्याला येणाऱ्या त्या 'लाह'सकट म्हणाल्या, "तुझ्या बाबतीत तो फार सॉफ्ट होता, लाह. त्या नाटकाला मी त्याच्याबरोबर होते ना. इंटरव्हलला उठला तो. म्हणाला, मला बघवत नाही, बिचारी एवढ्या लांबून आलीय, तिला झोडपून काय मिळणार? आम्ही बाहेरच चहा पीत बसलो. दुसऱ्या अंकात काय झालं ते त्याने नंतर दारावरच्या पोरीला विचारून घेतलं. यू सो लकी, बाकीच्यांना सोडलं नाही त्याने." त्या बाईंना वाटलं, त्या मला तुमच्या चांगुलपणाची गोष्ट सांगताहेत. मी हसले. कॉफी संपवली.

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. तुम्ही माझ्यासाठी आवाज गोड केलात. सगळ्या शहराला खरं सांगितलंत आणि मला तेवढं त्या खुर्चीतल्या आजींच्या रांगेत बसवलंत. तुमची संस्था म्हाताऱ्यांसाठी आहे असं मी समजत होते, मी स्वतः तिच्या लाभार्थींत आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी वाईट झाले असं लिहिलं असतंत तर मी रडले असते, सांगलीला गेले असते किंवा हट्टाने इथेच राहून शिकले असते. दोन्हींपैकी काहीही माझं असतं.

मुलीला हे सगळं सांगितलं. ती बुकित बातोकच्या आमच्या फ्लॅटमध्ये तुमच्याच स्टुलावर चढून फडताळातून बिस्किटं काढत होती. तुम्ही जाण्याआधी मला दिलेलं स्टूल, आता त्याचा उपयोग एवढाच. ती इथल्या धाटणीच्या इंग्रजीत म्हणाली, "आई, ही वॉज जस्ट बीइंग नाइस, व्हॉट. व्हाय यू सो अँग्री?" मी म्हटलं, उतर आधी त्याच्यावरून. तिला वाटलं, ती पडेल म्हणून ओरडले.

राग नेमका कशाचा आहे ते मला आता लिहिताना कळतंय. दयेचा आहेच. पण त्याहून जास्त, तुम्ही आत आला नाहीत त्याचा आहे. दुसरा अंक खरंच चांगला झाला होता. निदान मला तसं वाटलं. तो बघून खरं सांगू शकणारा एकच माणूस या शहरात होता आणि तो बाहेर चहा पीत बसला होता.

हे पत्र कुठे पाठवणार? टेबलाच्या खणात राहील. येत्या शनिवारी पासिर रिसला माझा प्रयोग आहे. एक सांगून टाकते. इतक्या वर्षांत प्रत्येक प्रयोगाआधी विंगेत उभी राहून मी तुमचं ते घराचं वाक्य मनातल्या मनात म्हणत आले आहे, त्याशिवाय माझं पाऊल पुढे पडत नाही. शनिवारीही तेच म्हणणार आहे. दुसरं माझ्याकडे नाही.