बारा दिवसांनी सरप्लस

शनिवार पेठ, पुणे
मंगळवार

तीर्थस्वरूप आप्पामामांस,

श्यामचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मामींची साखर आटोक्यात असेल आणि धायरीच्या घरासमोरचा रस्ता अजून खणलेलाच असेल, असं धरून चालतो. फोन न करता पत्र लिहितो आहे, कारण तुमचा फोन मामी उचलतात आणि स्पीकरवर टाकतात. इकडे सगळे ठीक आहेत, मी सोडून.

मामा, मी घाबरलो आहे. शाळेचा पट घसरला म्हणून इंग्रजीच्या दोन शिक्षकांपैकी एक सरप्लस ठरणार, असं मुख्याध्यापक बद्रीनाथ सरांनी सांगितलं (सांगताना ते माझ्याकडे न बघता माझ्या खुर्चीकडे बघत होते). सरप्लस म्हणजे गरजेपेक्षा जास्त. शब्द मूळचा लॅटिन. 'सुपर' म्हणजे वर, 'प्लस' म्हणजे अधिक, म्हणजे अधिकाच्याही वरचं, आणि फ्रान्समार्गे तो इंग्रजीत आला. अठ्ठावीस वर्षं मी हा शब्द आठवीला गव्हाचं उदाहरण देऊन शिकवला. गहू सरप्लस असला की देश सुखी, असं फळ्यावर लिहायचो. गव्हाला काय वाटत असेल, हे कधी मनातही आलं नाही. आता मलाच उचलून भोरच्या पलीकडे कुठल्या तरी डोंगरातल्या शाळेत धाडतील, रोज दोन एसट्या बदलाव्या लागतील, आणि माझ्या रक्तदाबाचं तुम्हाला माहीतच आहे. काल एका मुलीने या शब्दाचा वाक्यात उपयोग विचारला, तर मी तो तिलाच गृहपाठाला दिला.

दुसऱ्या शिक्षिका मंदाकिनीबाई. आम्ही दोघं एकाच दिवशी नोकरीला लागलो. अशा वेळी वयाने मोठा तो ज्येष्ठ, आणि धाकट्याने जायचं. बाईंचा जन्म वीस मेचा, माझा त्याच वर्षीच्या एक जूनचा. बारा दिवसांनी मी धाकटा, म्हणून मी सरप्लस. परवा बाईंनी मला डब्यातली अर्धी भाजी काढून दिली. आजवर कधी दिली नव्हती, त्यामुळे जास्तच धडकी भरली.

तर ही एक जून आली कुठून? मला शाळेत घालायला तुम्ही नेलं होतं. धायरी तेव्हा खेडं होतं. मास्तरांनी जन्मतारीख विचारली तेव्हा तुम्ही म्हणालात, "घाला काहीबी, पोरगं हुशार हाय." मास्तरांनी गावातल्या निम्म्या पोरांसारखी मलाही एक जून लावली (आमच्या अख्ख्या वर्गाचा वाढदिवस एकाच दिवशी असायचा आणि कुणीच तो करायचं नाही). वर्ष त्यांनी माझी उंची बघून ठरवलं. मी बुटका होतो. तुम्हाला दोष देत नाही, पण या वयात नवी शाळा, नवं गाव, नवी मुलं हे मला झेपणार नाही.

आपला भाचा,
श्याम

ता.क. : शुक्रवारी ज्येष्ठता यादीवरच्या हरकतींची सुनावणी आहे. तुम्ही येऊन एवढंच सांगायचं, की तारीख अंदाजाने घातली, पोरगं त्याहून मोठं होतं. जे खरं आहे तेच. रिक्षा मी पाठवतो.

आणखी एक ता.क. : पाकीट चिकटवण्याआधी बोटांवर मोजून पाहिलं. मी खरोखरीच दीड वर्षाने मोठा आहे. म्हणजे तुम्ही खरं बोललात, तर मला याच महिन्यात अठ्ठावन्न पूर्ण होतात आणि एकतीस तारखेला मी निवृत्त. तेव्हा मामा, मला पंधराच दिवसांनी मोठं करा. वर एक दिवसही नको.

शेवटचा ता.क. : मामींना बरोबर आणू नका. त्यांच्या लग्नातल्या हळदीच्या दिवशी मी जन्मलो, आणि ही तारीख त्या न विचारताही सालासकट सांगतात.