जीपसाठी पितळी रेडिएटर

ताई,

चिठ्ठी पिठाच्या डब्यात ठेवतोय. घरात बाबा नाक खुपसत नाहीत अशी तेवढीच जागा उरली आहे.

सकाळी त्यांच्यासोबत गॅरेजात गेलो. जीपचा रेडिएटर पार सडलाय. मेकॅनिक म्हणाला, "ॲल्युमिनियमचा आजच बसवतो, चार-पाच वर्षं जाईल. पितळी जन्मभर टिकेल, पण मागवावा लागेल. सहा महिने धरा."

बाबा म्हणाले, "पितळीच. चार वर्षांनी पुन्हा ही कटकट कोण करणार?"

काल डॉक्टरांनी त्यांना बाहेर बसवून आपल्याला जी मुदत सांगितली, तिच्यात तो पितळी येऊन पोचतसुद्धा नाही. मी मात्र "बरोबर आहे बाबा" म्हणालो. एवढं शिकून मला तेवढंच बोलता आलं.

आता ते नकाशा पसरून घाटरस्ते शोधतायत. मी भाजी आणायच्या नावाखाली ॲल्युमिनियमचा बसवायला चाललोय. निदान एकदा तरी जाऊन येतील.

पितळी एका दुकानात तयारच मिळाला असं सांगेन आणि वरून काळा रंग मारून घेईन, पण बॉनेट उघडून बोटाने वाजवलं की ते ओळखतीलच. मग विचारतील, का बदललास. तेव्हा तू घरात हवीस. मला एकट्याला सांगता येणार नाही.