कचरूची मूठ

बदनापूर,
माघ वद्य तृतीया, शके १८६१

ती. सुगंधाअक्कास,

इंद्रभानचा नमस्कार. दाजींना आन् सासूबाईंनाही सांग. बाळ कचरू दूध बराबर पिऊन राह्यला ना? इकडं करडई फुलली. सकाळची थंडी अजून हाय.

तुझं पत्र भेटलं. माय बारशाला का आली न्हाई, गुडघ्याचं निमित्त सांगून माझ्यावर रुसली का, असं तू विचारलं. सांगतो. आधी फोटूचं सांगू दे.

जालन्याच्या पुंजारामच्या स्टुडिओतला जुना कॅमेरा मी पावसाळ्यात आणल्ता, तुला ठाऊकच हाय. लग्नाचे फोटू सोडून मी फुलांच्या मागं लागलो, म्हनून तो चिडवतो. फुलांची वरात कधी निघणार हाय, विचारतो. पन अक्का, कपाशीचं फूल वीतभर अंतरावरून कॅमेऱ्यातल्या काचेवर उतरवायचं म्हंजे खेळ न्हाई. कॅमेऱ्याच्या तोंडाला भिंग बांधायचं, फुलापस्तोर दोरा धरून अंतर मोजायचं. जरा वारं आलं की सगळं फसतं. मंग मी फांदीच तोडून घरी आणू लागलो, खिडकीपाशी उभी करू लागलो. काच औषधात धुतली की मधी येणारी पानं काळ्या कागदानं झाकायची, डाग टोकदार पेन्सिलीनं बुजवायचे, आन् काचेखाली कागद लावून फ्रेम उन्हात ठेवून छाप घ्यायचा.

छाप साफ आला का, हे मी मायला विचारायचो. ती कागद डोळ्यांना लावायची आन् म्हनायची, तूर हाय. अंबाडी हाय. एकदाबी चुकली न्हाई. मला वाटायचं, आपला हात बसला.

फांदी तिच्याच बाजूला पडलेली असायची. आधी ती चाचपायची, पान चुरगळून हुंगायची, मंग कागद घ्यायची. रोज माझ्यासमोर.

बारशाला मी कॅमेरा घेऊन आल्तो. तुझ्या सासूबाई म्हनल्या, दोन गेल्यावर हे एक राह्यलंय, तोंडाचा फोटू काढू नको बाबा, दृष्ट लागंल. म्हनून मी नुसती मूठ काढली. आतापस्तोरचा माझा सगळ्यात चांगला फोटू. सोबत धाडलाय, बोटांवरच्या घड्या मोजून घे.

घरी आल्यावर छाप घेतला आन् मायच्या हातात दिला. या बारीला फांदी नव्हती. तिनं कागद उंबऱ्यात नेला, इकडून तिकडून फिरवला, नाकाला लावला.

"बोंड झक्क फुटलंय रे," म्हनली.

मी हसलो. वाटलं, मस्करी करून राह्यली.

"माय, कचरूची मूठ हाय ती."

तिनं कागद माझ्या हातात परत दिला. मंग म्हनली, "मंग तूच सांग, नखं कोणावर गेलीत?"

अक्का, तिच्या गुडघ्याला काही झालेलं न्हाई. लेकीच्या सासरी, चार बायांच्या देखत, पाळणा सोडून भलतीकडंच हात गेला तर काय, याची तिला धास्ती होती. रुसवा बिलकुल न्हाई.

मी तिला जालन्याच्या दवाखान्यात नेलं. काळा मोत्या हाय. साधा मोतीबिंदू कापता येतो, हा न्हाई. डावा डोळा गेला. उजव्याला चांगल्या उजेडात थोडं दिसतं, तेही उन्हाळ्यापस्तोर टिकंल का, सांगता येत न्हाई. पावसाळ्यात आणलं असतं तर बरंच राखता आलं असतं, असं डॉक्टर म्हनले. पावसाळाभर मी कपाशीपुढं दोरा धरून बसल्तो.

तुला कळवू नको म्हनली, काळजीनं बाळंतिणीचं दूध आटंल. आता समोरच वाती वळून राह्यली. कोणाला लिहितो, विचारलं. पुंजारामला, कागद मागवतो, म्हनलो. तिनं मान हलवली.

तू जल्दी ये. सासूबाईंना जे सांगायचं ते सांग, पन होळीच्या आधी ये. सकाळचं ऊन आपल्या ओसरीत सरळ येतं, तवा तिला सगळ्यात बरं दिसतं. लेकराचं टोपडं काढ आन् त्याला तिच्या अगदी जवळ धर. मी बाजूला पांढरं धोतर ताणून उभा राहतो, उजेड त्याच्या तोंडावर पाडतो. तेवढं मला आता येतं.

उशिरा कळवणारा तुझा भाऊ,
इंद्रभान