बनुमावशीला सांगायचं राहिलेलं

रविवार, ३ नोव्हेंबर

सगळं फिरलं ते आज, उपासना सुटल्यावर, चर्चमागच्या नळावर. अबोली प्रभुभोजनाचे चिमुकले पेले विसळत होती, मी पुसून ट्रेमध्ये लावत होतो. तिच्याशेजारी उभं राहायला तेवढंच निमित्त मिळतं!

त्याआधी तरुण संघात मी साक्ष दिली. काही लपवलं नाही. साताऱ्याला कॉलेजात असताना मानसिंग, माझा रूम पार्टनर, मला आवडणाऱ्या एका मुलीशी नुसता हसून बोलला — आणि मी त्याच्या कानाखाली ओढली. पडदा फाटला. डावा कान गेला तो गेलाच. पुढं मिलिटरी भरतीत मेडिकलला बाद झाला. मी कॉलेज अर्धवट टाकून सांगलीला आत्याकडे पळालो, आणि इथं ख्रिस्तानं मला हाताला धरून उठवलं. लोक रडले. पाळकसाहेबांनी जवळ घेतलं. संघातल्या अवधूतनं मोबाईलवर सगळं शूट केलं.

वाटलं, अबोली म्हणेल छान बोललास. तर ती विचारते, "मानसिंगला भेटलास का नंतर?"

"नाही."

"मग आम्ही टाळ्या कशाला वाजवल्या?"

फडकं आपटून निघून आलो. पुढच्या रविवारी माझं दृढीकरण आहे, सगळ्यांसमोर विश्वासाची कबुली देऊन मी मंडळीत जाणार, आणि ही मला शिकवते!

सोमवार, ४ नोव्हेंबर

राग गेला नाही. तीच डोळ्यांसमोर — ओल्या बाह्या, नाकावर घसरलेला चष्मा. आत्या म्हणाली, "भात नुसता चिवडतोयस. प्रेमात पडलायस का पोट बिघडलंय, तेवढं सांग. औषध वेगळं असतं."

बुधवार, ६ नोव्हेंबर

पाळकसाहेबांकडे गेलो. खरं तर अबोलीची तक्रारच करायला. म्हणालो, देवानं माफ केलंय ना, मग जुनं उकरायचं कशाला? त्यांनी चहा पुढं सरकवला. आतून बिस्किटं आणली. म्हणाले, माफ केलंय, त्यात शंका धरू नकोस. मी खूश झालो. मग ते हळूच म्हणाले, "पण त्या माफीच्या आडोशाला बसू नकोस बाळा. ती अंगावर घेऊन मानसिंगच्या दारात उभं राहता येतं, इतकी ती दणकट आहे."

येताना रस्ताभर त्यांच्याशी मनात भांडलो. घर आलं तेव्हा भांडायला काही उरलं नव्हतं.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

मानसिंगचा फोन! अवधूतचा व्हिडिओ ह्या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरत थेट त्याच्या गावी, मेढ्यापर्यंत गेलाय.

"बघितला रं. लय ग्वाड बोललास."

मी काहीतरी पुटपुटलो.

"थांब, सवयीनं डाव्याला लावला फोन." खरखर झाली. "हां, बोल आता."

पण तोच बोलत राहिला. घरी त्यानं माझं नाव घेतलंच नव्हतं. मोटारसायकलवरून पडलो म्हणून सांगितलं. त्याचे आबा रिटायर सुभेदार, त्यांनी मला पोलिसात नेलं असतं. "तू गाढव हायस, पर जेलात जावंस असं न्हाई वाटलं गड्या." आईनं व्हिडिओ बघितला नाही अजून. पण गावात आज ना उद्या कुणीतरी दाखवणारच. मी म्हणालो, येतो, मीच सांगतो. तर उसळला — येऊ नको, मी बघतो काय ते.

बनुमावशी, मानसिंगची आई! रूमवर त्यांचा डबा यायचा तेव्हा माझ्यासाठी वेगळ्या भाकरी बांधलेल्या असायच्या, वर ठेचा. मी पळाल्यावर एकदा त्यांचा फोन आला होता. म्हणाल्या होत्या, "तू असतास तर त्याला गाडी जोरात चालवू दिली नसतीस रं." तेव्हा कुठली गाडी तेच कळलं नव्हतं. मी नुसता हो हो करत राहिलो. आज कळलं. दोन वर्षं ती बाई मला चांगला समजतेय.

शनिवार, ९ नोव्हेंबर

अबोलीला सगळं सांगितलं, डब्याचंसुद्धा. माझी लाज वाटेल तिला, असं वाटलेलं. तिनं चष्मा काढून पुसला. म्हणाली, "मला भीती वाटते तू तिथं कुणावर ओरडशील. ओरडू नकोस हं." मग स्वतःच हसली. तिच्या हसण्यावर वही भरेल, पण आज नको.

तरी ठरत नाही. मानसिंग नको म्हणतोय. गेलो तर त्याचं खोटं उघडं पडणार, नाही गेलो तर माझं चालू राहणार. गुडघे टेकले, प्रार्थना केली. उत्तर आलं नाही. झोप मात्र आली.

रविवार, १० नोव्हेंबर

पांढरा शर्ट घालून दृढीकरणाला निघत होतो, तेवढ्यात फोन. बनुमावशी.

"मी बघितलंय ते, परवाच. मानसिंगला न्हाई सांगितलं. त्याला वाटतंय आईला ठावं न्हाई, तर ऱ्हाऊ दे. तू ये. मोबाईलवर ऐकलेलं मी धरत न्हाई. माझ्यासमोर बसून सांग."

एवढंच बोलल्या. आवाजात राग होता का, कळलं नाही.

पाळकसाहेबांना कळवलं, आज माझं नाव वाचू नका. त्यांनी कारण विचारलं नाही. साताऱ्याची एसटी गाठायचीय. उभ्यानंच लिहितोय. पायात चप्पल आहे. चाललो — दार ओढून घेतो.