दुपारच्या सह्या

मंगळवार, ३ मार्च

ह्यांचा रकाना पुन्हा कोरा. सासूबाईंना दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं आणि पलंगाशेजारच्या तक्त्यावर वेळेसमोर सही करायची — एवढं साधं काम. सकाळ-संध्याकाळ ह्यांची, दुपारी दोन ते सहा माझी, रात्री आलटून-पालटून. मी चौतीस वर्षं हॉस्पिटलात वॉर्ड सांभाळला. सही नाही म्हणजे काम झालेलं नाही.

"सही कुठंय?"

"वळवलंय तिला. वळवणारा कोण, ते शोधतोय अजून."

निवृत्त झाल्यापासून हे रोज दुपारी अद्वैताच्या वर्गाला जातात. कर्ता कोणी नाही, दुसरा कोणी नाही. जेवलेलं ताट मात्र आपोआप उचललं जात नाही.

गुरुवार, ५ मार्च

सासूबाईंच्या डाव्या खुब्यावर लाल चट्टा. बोटानं दाबला तरी फिका पडत नाही. बेडसोरची सुरुवात. ह्यांना मी तोंडाला येईल ते बोलले. "राहिलं असेल माझ्याकडून," म्हणाले आणि मलम आणायला गेले. भांडायलाही समोर माणूस लागतो. दमले.

शनिवार, ७ मार्च

नणंद आली. चट्टा पाहिला, मग तक्ता. "दादा, वहिनीच्या सगळ्या सह्या आहेत. तुझी एक दाखव. पुरे झालं तुझं ब्रह्मज्ञान. बुधवारी गाडी बोलावते, आईला शुश्रूषागृहात ठेवू."

सासूबाईंनी चादर मुठीत धरली. "मी इथंच बरी आहे गं."

ह्यांची मान खाली. मी तक्ता सरळ करत राहिले.

रविवार, ८ मार्च

लिहून टाकते. दोन वाजता सासूबाईंना डाव्या कुशीवर मीच ठेवते. दोन, चार, सहा — तिन्ही सह्या तेव्हाच करते आणि आडवी होते. वॉर्डात गर्दी असली की आम्ही पुढच्या वेळा अशाच भरून ठेवायचो. काम नंतर व्हायचंच. आता होत नाही. चारचा गजर बंद करते, ते आठवतही नाही. जाग येते तेव्हा हे परतलेले असतात, चहा ठेवलेला असतो.

सोमवार, ९ मार्च

ह्यांना सांगितलं. म्हटलं, याच चुकीसाठी वॉर्डातल्या किती पोरींना मी नोकरीवरून घरी पाठवलंय. एकीची आई पाया पडायला आली होती, तरी ऐकलं नाही.

हे माझे पाय चेपत बसले. चेपता चेपता म्हणाले, "त्या पोरी वेगळ्या आणि तू वेगळी, असं धरून चाललीस इतकी वर्षं. त्याचाच शीण आहे हा."

वर्गातून आणलेलं वाक्य असतं तर उडवून लावलं असतं. तसं नव्हतं. त्या पोरीचा चेहरा आठवत राहिला — तीही डोळ्यांखाली काळी झालेली, तीही उभ्या उभ्या झोपणारी. तेव्हा मला फक्त खोटी सही दिसली होती.

मंगळवार, १० मार्च

नणंदेला फोन केला. "दुपारच्या सह्या खोट्या आहेत. चूक माझी, तुझ्या दादाची नव्हे." ती म्हणाली, "गाडी नको म्हणून सांगते. उद्या मीच येते राहायला. वहिनी, दुपारी तू झोप."