बंपरसारखी नखं

रविवार, २२ ऑक्टोबर

माझी पोरगी कीली जेवायला आली होती. जेवताना फोनवर फोटो दाखवला. कुणा मुलीची नखं. चांदीची नव्हे, सरळ आरशाची. मला माझ्या युटचा, मागे उघडा हौदा असलेल्या गाडीचा, पुढचा बंपर आठवला. सतरा नोव्हेंबरला, शुक्रवारी, तिचा बारावीचा फॉर्मल, म्हणजे शाळेची निरोपाची पार्टी आहे, त्याला अशी क्रोम नखं हवीत. बंडाबर्गमधल्या सगळ्या नेल पार्लरच्या त्या आठवड्याच्या वेळा कधीच संपल्यात. म्हणाली, किट आणून घरीच करीन.

मी म्हटलं, मी असताना? एकतीस वर्षं गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करतोय. प्रायमर, रंग, क्लिअर कोट. नख म्हणजे काय, बोटावरचं बॉनेट.

सौदा ठरला. नखं मी केली तर ती माझ्या घरी तयार होणार, फोटो माझ्या आंब्याखाली निघणार, आणि फॉर्मलच्या दारात ती माझ्या लाल युटमधून उतरणार. चालवणार मी. सगळं गाव रस्त्याकडेला खुर्च्या टाकून बसलेलं असतं, कुणाची पोरगी कशातून उतरते ते बघायला. आदल्या दिवसापर्यंत, म्हणजे गुरुवारपर्यंत, नखं झाली नाहीत तर मात्र ती आईकडे तयार होणार. म्हणजे रोंडाच्या, म्हणजे ग्रॅहमच्या घरी.

ग्रॅहम विमा कंपनीचा सर्व्हेअर आहे, ठोकलेल्या गाड्यांचं नुकसान मोजणारा. बायको गेली याचं मला काही नाही. पण सर्व्हेअरकडे?

संकल्प: घाई करायची नाही. पंचवीस दिवस आहेत.

बुधवार, २५ ऑक्टोबर, संध्याकाळ

किट आलं. आठ बाटल्या, जेल सुकवायचा एक दिवा (चपलेच्या खोक्याएवढा), चिमूटभर पावडर. सूचनांचा कागद वाचला नाही. धंद्यातल्या माणसानं कागद वाचायचा म्हणजे अपमान आहे.

स्वतःच्या डाव्या हातावर ट्रायल. बेस, काळा रंग, टॉप कोट, सगळं दिव्याखाली. साठ सेकंद म्हणतात, मी चाळीसला हात काढला, दिसत होतं झालेलं. पावडर घासली. चिखल. पाच बोटांना करडा चिखल.

पावडर डुप्लिकेट आहे.

गुरुवार, २६ ऑक्टोबर

थुई आली होती. बाजारातलं नेल पार्लर तिचंच. कोरोलाचा मागचा बंपर कुठल्याशा खांबाला घासून आणलाय. गाडीकडे बघायच्या आधी माझ्या हाताकडे बघितलं तिनं. मी खिशात घातला, पण उशीर झाला होता.

तिचं म्हणणं: टॉप कोट चुकीचा घेतला, चिकट राहणारा. एक वेगळा येतो, पुसावा न लागणारा. तो दिव्याखालून निघाला की लगेच पावडर घासायची, हलक्या हातानं. मग झटकायची, मग वरून पुन्हा टॉप कोट, नखाची पुढची कड बंद करून. तिला मी क्लिअर कोट म्हणजे काय ते पंधरा मिनिटं समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

जाताना म्हणाली, “मिस्टर डेस, तुमचा हात चांगला आहे. पण तुम्हाला झालेल्या कामाला हात लावल्याशिवाय राहवत नाही.”

कोरोला मंगळवारी देतो म्हटलंय. तिला काय कळतंय पेंटिंगमधलं.

शनिवार, २८ ऑक्टोबर, दुपार

नवीन टॉप कोट आणला. आत अंधार वाटतो म्हणून सगळा पसारा बाहेर, गाडीच्या शेडपुढे टेबल टाकून मांडला. रंगाचं काम दिवसाच्या उजेडात करावं, हे मी पोरांना नेहमी सांगतो. बाटल्या उघडल्या. तेवढ्यात फोन. एका माणसाची रेंज रोव्हर कांगारूला धडकली होती, त्याला अर्धा तास धीर दिला. कांगारूचं काय झालं, त्यालाही माहीत नव्हतं.

परत येऊन बघतो तर ब्रश बाटलीत उभा. ओढला तर बाटली वर आली. जेल आतल्या आत दगड. दिव्यात जे किरण असतात तेच आपल्या उन्हात असतात म्हणे, पण हे बाटलीवर मोठ्या अक्षरांत नको का लिहायला? लिहिलं होतं. लहान अक्षरांत, लाल रंगात.

पुन्हा दुकान. काउंटरवरच्या बाईनं विचारलं, मुलीसाठी का? मी म्हटलं, व्यवसायासाठी.

बुधवार, १ नोव्हेंबर

आज खिडक्या बंद, पंखा बंद, सगळं स्प्रे बूथसारखं. पाचपैकी चार नखं जवळजवळ आरसा. फार गुदमरलं म्हणून एकच मिनिट दार उघडलं. पलीकडच्या शेतात तोडणीआधी उसाला आग लावलेली. घरात काळी राख तरंगत आली आणि नेमकी वरच्या ओल्या कोटवर बसली. आख्ख्या बंडाबर्गमध्ये बसायला दुसरी जागा नव्हती.

तसं म्हटलं तर वाईट दिसत नाही. गाड्यांना मेटॅलिक फ्लेक असतो तसं. यासाठी लोक जास्तीचे पैसे देतात.

कोरोला अजून झाली नाही. थुईचे दोन फोन. उद्या नक्की.

रविवार, ५ नोव्हेंबर

कीली ट्रायलला आली. पहिल्यांदाच नीट बघितले तिचे हात. नखं पार मुळापर्यंत खाल्लेली. मी म्हटलं, अगं हे काय, परीक्षेचं टेन्शन? म्हणाली, तसंच काहीतरी.

वेळ वाचवावा म्हणून तीन पातळ कोटांऐवजी एकच जाड दिला. दिव्याखाली तापला. ओरडून हात ओढला तिनं, दिवा टेबलावरून खाली. मी तिला सांगितलं की जाड कोट दिला की पहिल्या वेळी असंच होतं, चांगल्या कामाची खूण आहे. बोट तोंडात धरून बसली होती. मग म्हणाली की डॅड, तू नाही केलंस तरी चालेल, खरंच. एवढा मोठेपणा या वयात! आईवर गेलेली नाही पोरगी.

संध्याकाळी रोंडाचा फोन. पोरीचं बोट लाल का झालंय. ग्रॅहम म्हणतोय की दिव्याखाली हात ठेवताना कोट पातळ हवा. म्हणजे आता सर्व्हेअर मला कोट शिकवणार.

संकल्प: १) पातळ कोट. २) पूर्ण साठ सेकंद, घड्याळ लावून. ३) ग्रॅहमचं म्हणणं म्हणून नाही, मला आधीपासूनच माहीत होतं.

गुरुवार, ९ नोव्हेंबर

झालं! डावा हात, पाचही नखं, आरसा. अंगठ्यात मला छताचा पंखा दिसतोय, फिरताना.

साठ सेकंद फार मोठे असतात. हात दिव्यात आणि करायला काही नाही. उठून फ्रिजपर्यंत जायचं म्हटलं तर दिव्याची वायर पुरत नाही. तरी बसलो. पाय हलत होता तेवढाच.

कोरोला घेऊन स्वतः थुईच्या दुकानात गेलो, हात दाखवायला. तिनं माझं बोट धरून खिडकीकडे वळवलं, मान डोलवली. दुकानातल्या तीन बायका आणि एक आजी, सगळ्यांनी बघितलं. आजीनं विचारलं, किती घेता? तिथून पबमध्ये गेलो. हात खिशात ठेवायचा ठरवलं होतं, पण ग्लास उचलावा लागतो. पोरं ओरडली, डेस, दुसरा हात कधी? हसू देत. मनात बोर्ड तयार आहे: “डेस क्रोम. गाड्या आणि नखं.” पुढच्या शेडमध्ये दोन खुर्च्या बसतील.

रविवार, १२ नोव्हेंबर

युट धुतली. पुसली. बंपरला पॉलिश. मग पुन्हा धुतली, कारण उसाची राख. हौद्यात गालिचा टाकावा का? नको, तिथे कोण बसणार. पुढच्या सीटवर मात्र पांढरी चादर, तिच्या ड्रेसला डाग नको.

आंब्याखालचं गवत कापलं. दोन मोठ्या फांद्याही कापल्या, फोटोत सावली येऊ नये म्हणून. आता तिथे आंबा कमी आणि ऊन जास्त आहे. फोटोला ऊन चांगलं.

बसवत नाहीये. चार दिवस.

मंगळवार, १४ नोव्हेंबर

विम्याचे कागद घेऊन ग्रॅहम आला होता, त्या कांगारूवाल्या गाडीसाठी. सही करताना माझी नखं बघितली. हा माणूस काहीच बोलत नाही, तेच मला खुपतं. गाडीभोवती सावकाश फेरी मारली, दोनदा वाकला, वहीत लिहिलं, निघाला. जाताना एवढंच म्हणाला की कीली फार खूश आहे, डॅड नखं करणार म्हणून सगळ्या मैत्रिणींना सांगितलंय तिनं.

हे तो मला का सांगत होता? दबाव आणायला. पण मी दबावात येत नाही. दिवसभरात तीन वेळा टूलबॉक्स लावला.

गुरुवार, १६ नोव्हेंबर, संध्याकाळी ५.२०

कीली आली. आठ दिवस नखं खाल्ली नव्हती म्हणाली, मुद्दाम माझ्यासाठी. खिडक्या बंद. सगळं ओळीत मांडलंय. बेस चालू.

५.५५

काळा रंग, दोन पातळ कोट. तिचा हात दिव्यात असतो तेव्हा आम्ही बोलतो. टाउन्सव्हिलला नर्सिंगला जायचं म्हणतेय. फेब्रुवारीपासून. लांब आहे. मी म्हटलं, तिथेही पेंटर लागत असतील, मीही येतो. हसली. कधीपासून सांगायचं होतं म्हणाली, पण तू एका जागी सापडत नाहीस.

७.१०

झालं. दहाच्या दहा. माझ्या डाव्या हातापेक्षा सरस. कीलीनं दोन्ही हात चेहऱ्यासमोर धरले आणि त्यांत स्वतःला बघितलं, मग मला बघितलं. गळ्यात पडली. एवढी घट्ट पाचवीनंतर पहिल्यांदा. उद्या दोन वाजता ड्रेस घेऊन इथे येते म्हणाली. आईला मेसेजही टाकला. मी आत येऊन हे लिहितोय, नाहीतर डोळ्यांत पाणी आलेलं तिला दिसलं असतं.

ती बाहेर सँडविच खातेय. बोटं लांब ठेवून, राणीसारखी.

८.००

लिहायचं नव्हतं. लिहितो.

परत बाहेर गेलो तेव्हा ट्यूबलाइटखाली उजव्या मधल्या बोटावर मला किंचित लाट दिसली. क्लिअर कोटवर येते तशी, संत्र्याच्या सालीसारखी. दुसऱ्या कुणाला दिसली नसती. गाडीवर असली तर आम्ही रबिंगची पेस्ट घासतो, दोन मिनिटांचं काम, की काच होते. कीली म्हणाली, राहू दे ना. मी म्हटलं, एकच मिनिट, आण हात. ड्रिलला फेल्टचं छोटं चाक लावलं, टोकावर चिमूटभर रबिंग. मधलं बोट सुंदर निघालं. मग बाकीची त्याच्यापुढे फिकी वाटायला लागली.

सहाव्या नखाला कडेला काळं दिसलं. वरचा कोट कागदाएवढासुद्धा जाड नसतो. मग मागची पाच बघितली. त्यांच्याही कडा गेल्या होत्या, मला चाक फिरताना दिसल्या नव्हत्या. मधोमध चांदी, भोवती काळं, आणि करंगळीचं तर सगळंच गेलेलं.

ती बराच वेळ हाताकडे बघत होती. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“डॅड,” ती म्हणाली, “झालं होतं.”

मी म्हटलं, पुसतो, परत करतो, दोन तास. ती म्हणाली, नको, दमलेय, उद्या पेपरवर्क आहे शाळेत. माझ्या गालाला गाल लावून गेली. तिला न्यायला रोंडाऐवजी ग्रॅहम आला होता. इंजिन बंद करून, शांत बसून होता गाडीत.

शुक्रवार, १७ नोव्हेंबर, सकाळी ६.४०

कीलीचा फोन. थुई तिच्यासाठी सातला दुकान उघडतेय, नेहमीच्या वेळेच्या आधी. कोरोला छान झाली म्हणून. आईकडेच तयार होते म्हणाली, सौदा तसाच होता. मग म्हणाली, युट मात्र हवी. आणि मला विचारलं, “तू येशील ना चालवायला? चारला इकडे ये. फोटो होईपर्यंत जरा बसावं लागेल.”

रोंडाच्या दिवाणखान्यात. सोफ्यावर. ग्रॅहमच्या शेजारी. थुईनं केलेली नखं बघत, एक तास.

मी म्हटलं, आज कामाचा फार लोड आहे, ग्रॅहमला सांग चालवायला, किल्ली देऊन ठेवतो. मोठ्या मनानं म्हटलं मी. ती म्हणाली, बरं.

दुपारी १.१५

ग्रॅहम युट घेऊन गेला. सवयीनं भोवती फेरी मारली, वाकून बघितलं. कुठेच काही सापडलं नाही त्याला.

कामाचा लोड काही नाही. शेड दोनदा झाडली.

संध्याकाळी ६.५०

पावणेपाचलाच जाऊन उभा होतो. फॉर्मल साडेपाचचा. गर्दी होती. एक ट्रॅक्टर आला, एक आगीचा बंब, उसाचा ट्रक फुगे लावून, त्यातून सहा मुलं. मग माझी युट. बंपरवर ऊन पडलं तेव्हा लोकांनी शिट्या मारल्या. ग्रॅहम हळू चालवत होता, चांगली चालवत होता. त्यानं उतरून दार उघडलं आणि ती खाली आली, निळ्या ड्रेसमध्ये, मोठी बाई दिसत होती. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

आत जायच्या आधी ती थांबली. कपाळावर आडवा हात धरून गर्दीत बघत होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोनदा. नखं चमकत होती, थुईनं फार सुंदर केली होती. मी एका उंच माणसाच्या मागे होतो. हाक मारायला हवी होती. एक पाऊल बाजूला सरकलो असतो तरी पुरे होतं. आयुष्यभर एका जागी उभं राहता आलं नाही, आणि तिथे मात्र पाय हलेना. मग मैत्रिणींनी तिला आत ओढलं.

शेजारी घडीच्या खुर्चीवर एक बाई बसली होती. म्हणाली, काय गोड पोरगी आहे, ओळखता का तिला?

मी म्हटलं, गाडीचा रंग मी दिलाय.

ती म्हणाली, रंग छान आहे. मी थँक्यू म्हटलं.