तिसोनला परका कुत्रा ठाऊक नव्हता

उशुआया,
९ मे १९९४

प्रिय एलादिओ,

मी बरी आहे. गुडघा आहे तसाच. छपराचा पत्रा बदलून घेतला. तिकडे दक्षिण ध्रुवाकडच्या तळावर थंडी वाढली असेल, दोन-दोन मोजे घालत जा. तुला सांगायला बायको नाही, म्हणून मी सांगते.

तुझ्या चिठ्ठ्या पोचल्या. सगळ्यांत एकच प्रश्न, तिसोन कसा आहे. मला झटझट लिहिता येत नाही, म्हणून उशीर झाला. दुसरं काही नाही.

तुझा तिसोन जहाजातून उतरला आणि गवत बघून थांबलाच. एक पाय ठेवी, उचली, झटकी. माणसं हसायला लागली. मी म्हटलं, "अहो महाराज, चावत नाही ते!" वाडग्यातलं पाणी तर पीतच नव्हता. जन्मभर बर्फ चाटलेला. मग मी फ्रिजमधला बर्फ खरवडून द्यायची. शेजारची रोसाउरा म्हणाली, "देल्मिरा, नवऱ्याचे नाही गं केलेस एवढे लाड." मी म्हटलं, "नवरा एवढं ऐकत नव्हता."

रोसाउराकडचं कुत्र्याचं पिल्लू कुंपणाखालून यायचं. तिसोनला कुत्रा म्हणजे आपल्याबरोबर बर्फावरची गाडी ओढणारा सोबती. परका कुत्रा असतो हे त्याला ठाऊकच नव्हतं. दोघं एकाच ताटात जेवायचे.

आता बैस आणि पुढचं वाच.

पिल्लाला रोग होता. ते चार दिवस शिंकलं आणि परत उड्या मारायला लागलं. तिसोन उठला नाही. लस टोचली होती, ती लागू पडली नाही. डॉक्टर म्हणाला, "बाई, याच्या कैक पिढ्या बर्फावर गेल्या. तिथं हा रोगच नाही, अंगात ताकद कुठून येणार?"

तो गेला, एलादिओ. डोकं माझ्या मांडीवर होतं. तू रेडिओवर विचारलंस तेव्हा मी "आवाज येत नाही" म्हणाले ना, तो येत होता.

तू म्हणशील, तळावरचे सगळे कुत्रे हलवायचा कायदा करणाऱ्यांनी मारला. मीपण आधी तेच बडबडले. पण तूच सांगितलं होतंस, कुत्र्यांचा रोग सीलना लागला तर किनारेच्या किनारे ओस पडतील. आणि कुत्र्यांना तुम्ही सीलच मारून खायला घालत होता. सीलना याचा रोग नको म्हणून याला इथं आणला, आणि इथला रोग याला लागला. शिवी कुणाला द्यायची? तुला कळलं तर कळव.

रोसाउरा रडत आली. "पिल्लू देऊन टाकते कुणाला तरी." मी म्हटलं, "गप बस. येर्बाचा चहा गार होतोय. त्या जिवाला काय कळतंय?"

पिल्लू अजून येतं. तिसोनच्या जागेवर बसून राहतं. मी हाकलते, परत येतं. काल नाही हाकललं.

उन्हाळ्यात उतरशील तेव्हा धक्क्यावर मी एकटीच असेन. इकडेतिकडे बघू नकोस. सरळ माझ्याकडे ये.

तुझी ताई,
देल्मिरा